लढत होणार कुठे? एमएमएचं कार्ड आधीच वाचायची रीत

पोस्टरवर दोन चेहरे असतात, दोघांनीही डोळे वटारलेले. खाली दोन आकडे: १७-२ आणि १४-५. म्हणजे एकाने सतरा जिंकल्या, दोन हरल्या. दुसऱ्याने चौदा जिंकल्या, पाच हरल्या. बघणारा मनातल्या मनात हिशेब करतो, पहिल्याच्या नावापुढे खूण करतो आणि खालच्या लढतीकडे वळतो. कार्डवर, म्हणजे त्या रात्रीच्या लढतींच्या यादीत, अशा बारा-तेरा लढती असतात. पाच मिनिटांत सगळ्यांचे निकाल लावून मोकळा. मग प्रत्यक्ष लढतींच्या रात्री एकेक खूण खोडायची वेळ येते.

चूक आकड्यांची नसते. चूक प्रश्नाची असते. ‘दोघांत चांगला कोण?’ हा प्रश्न बॉक्सिंगमध्ये चालून जातो, कारण तिथे दोघंही उभ्याने फक्त ठोसेच मारणार हे ठरलेलं असतं. एमएमए म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्स. इथे ठोसे, लाथा, कोपर, गुडघे, उचलून आपटणं, जमिनीवर हात पिरगाळणं, गळा आवळणं, सगळं नियमात बसतं. मग चांगला म्हणजे कशात चांगला? लांबून लाथा मारण्यात? पाठ पिंजऱ्याच्या जाळीला टेकलेली असताना? की पाठीवर पडून, छातीवर माणूस बसलेला असताना? एकच माणूस पहिल्या ठिकाणी वाघ आणि तिसऱ्या ठिकाणी मांजर असू शकतो.

म्हणून लढतीआधी मी वहीत दुसराच प्रश्न लिहितो: ही लढत होणार कुठे, आणि ते ठरवायची ताकद कोणाकडे आहे? माझं उत्तर पुष्कळदा चुकतं. पण प्रश्न बदलावा असं अजून वाटलेलं नाही.

या खेळाची सुरुवातच या प्रश्नाने झाली. १२ नोव्हेंबर १९९३ ला डेन्व्हरमध्ये यूएफसी, म्हणजे अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप, या संस्थेची पहिली स्पर्धा झाली. वजनगट नव्हते, एका रात्रीत आठ जणांची बाद फेरी. त्यात आर्ट जिमरसन नावाचा बॉक्सर एकाच हातात ग्लोव्ह घालून उतरला. समोर होता होयस ग्रेसी, ब्राझिलियन जिउजित्सूवाला, म्हणजे जमिनीवरच्या पकडींच्या कुस्तीतला, दिसायला सडपातळ. ग्रेसीने त्याला खाली पाडलं, वर चढून बसला, आणि बॉक्सरने थोड्याच वेळात हार कबूल केली. ग्रेसीने त्या रात्री तीन लढती जिंकून स्पर्धाही जिंकली. जमिनीवर पडलेला बॉक्सर हा बॉक्सर राहतच नाही, हे त्या रात्री जगाला कळलं. आज सगळ्यांनाच सगळं थोडंफार येतं, त्यामुळे फरक इतका ढळढळीत दिसत नाही. तो शोधावा लागतो, एवढंच.

किल्ली कोणाच्या खिशात

पिंजऱ्यात ढोबळमानाने तीन जागा असतात. मधली मोकळी जागा, जिथे ठोसे आणि लाथा चालतात. जाळीलगतची जागा, जिथे अंगाला अंग भिडवून रेटारेटी होते. आणि जमीन. दोघांपैकी ज्याला समोरच्याला हवं तेव्हा खाली नेता येतं, किंवा खाली नेऊच न देता उभं राहता येतं, त्याच्या खिशात किल्ली. लढत कुठल्या खोलीत होणार ते तो ठरवतो.

ऑक्टोबर २०१८ मधली यूएफसी २२९ घ्या. हबीब नुरमागोमेदोव्ह विरुद्ध कॉनर मॅकग्रेगर. लढतीआधीचं समीकरण सोपं वाटत होतं: उभ्याने मॅकग्रेगर, जमिनीवर हबीब. पहिली फेरी तशीच गेली. हबीबने पाय धरले, खाली नेलं. त्याची पद्धत बारकाईने बघण्यासारखी होती. पाडल्यावर तो घाई करायचा नाही. समोरच्याला जाळीला टेकवायचा, त्याचे दोन्ही पाय आपल्या पायांच्या कात्रीत अडकवायचा आणि मग एक हात पकडून मोकळ्या हाताने मारायचा. उठायचं तर आधी पाय सोडवायला हवेत, पाय सोडवायला हात लागतात, आणि हात तर अडकलेला. बघणाऱ्याला वाटतं काहीच घडत नाहीये. खालच्याचा दम मात्र निघत असतो.

खरी गंमत दुसऱ्या फेरीत झाली. हबीबने मॅकग्रेगरला उभ्याने, उजव्या हाताच्या ठोशाने खाली पाडलं. कुस्तीवाला बॉक्सिंगमध्ये सरस झाला का? तसं नव्हे. पाय धरले जातील या धास्तीने समोरच्याचं लक्ष खाली, हात खाली. त्यातून वरचं दार उघडं राहिलं. तिसरी फेरी बऱ्यापैकी उभ्यानेच झाली आणि ती मॅकग्रेगरने घेतली. चौथीत हबीबने मानेला विळखा घालून लढत संपवली. तेव्हा ‘उभ्याने हा, जमिनीवर तो’ एवढं लिहून भागत नाही. एका जागेची भीती दुसऱ्या जागेतला खेळ बदलते, ही त्यापुढची पायरी.

आणि किल्ली चाललीच नाही तर? जुलै २०१७ मध्ये डेमियन माया वेल्टरवेट वजनगटाच्या विजेतेपदासाठी टायरन वुडलीशी लढला. जमिनीवर मायाच्या हातात सापडलेला माणूस सुटणं कठीण, हे सगळ्यांना माहीत. वुडलीलाही. मायाने पाच फेऱ्यांत वीसहून जास्त वेळा पाडायचा प्रयत्न केला. एकदाही जमलं नाही. लढत इतकी रटाळ झाली की प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. पण अंदाज बांधणाऱ्यासाठी यासारखा धडा नाही: जमिनीवरचं कौशल्य कितीही थोर असलं, तरी जमिनीपर्यंत न्यायचा रस्ता बंद असेल तर ते शून्याच्या भावाचं.

म्हणून कार्ड वाचताना जिउजित्सूचा काळा पट्टा बघून हुरळून जाऊ नका. तो पट्टा वापरायची वेळ येणार का, ते आधी बघा.

आकडे काय सांगतात, काय लपवतात

प्रत्येक लढवय्याच्या नावापुढे आता आकड्यांची माळ असते. मिनिटाला किती ठोसे-लाथा नेमक्या लागल्या, किती खाल्ल्या, पाडायचे प्रयत्न किती यशस्वी, समोरच्याचे किती परतवले. यातला शेवटचा आकडा सगळ्यात फसवा. समजा एखाद्याने दहापैकी आठ वेळा स्वतःला पडू दिलं नाही. ऐंशी टक्के. कागदावर भक्कम. पण ते दहा प्रयत्न कोणी केले? ठोसे खाऊन गांगरलेल्या बॉक्सरने केले असतील तर त्या ऐंशीला किंमत नाही. शिवाय न अडवता आलेल्या दोन वेळांचं काय झालं? दोन सेकंदांत उठून उभा राहिला, की अख्खी फेरी पाठीवर काढली? पडणं वाईट नाही. पडून राहणं वाईट. उठायची कला आकड्यांत नीट दिसत नाही, त्यासाठी जुन्या लढतींचे व्हिडिओ बघायला लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पर्याय नाही.

जय-पराजयाच्या नोंदीचंही तेच. नोव्हेंबर २०१५ मध्ये राँडा राउझी १२-० होती, आणि त्या बारापैकी अकरा लढती तिने पहिल्याच फेरीत संपवलेल्या. ज्यूदोतलं ऑलिंपिक कांस्य गाठीशी. मेलबर्नला समोर आली हॉली होम, बॉक्सिंगची माजी विश्वविजेती. होमला कोणी फारसं हिशेबात धरतच नव्हतं. आता आपला प्रश्न विचारून बघा. राउझीचा सगळा खेळ अंगाला भिडण्यावर उभा: झेप घेऊन जवळ जायचं, पकडायचं, आपटायचं, हात पिरगाळायचा. आधीच्या प्रतिस्पर्धी एक तर तिच्यावर चालून यायच्या, नाहीतर सरळ मागे सरकायच्या. दोन्हीत तिचं काम सोपं व्हायचं. होम मात्र बाजूला सरकत, गोल फिरत लढणारी. राउझी पुढे धावली की होम तिथे नसायचीच, असायचा फक्त तिचा डावा हात. दुसऱ्या फेरीच्या एकोणसाठाव्या सेकंदाला डावी लाथ मानेवर बसली आणि खेळ संपला. १२-० मध्ये एक गोष्ट लपलेली होती: अंतर राखून सतत फिरणारं कोणी राउझीसमोर आलेलंच नव्हतं.

त्यामुळे नोंद वाचताना किती जिंकल्या याआधी कोणाविरुद्ध आणि कशा हे वाचावं. १४-५ मधल्या पाचही हारी अव्वल दहांतल्या लोकांकडून, पंचांच्या निर्णयाने झाल्या असतील, तर मी त्या माणसाला १७-२ वाल्याच्या पुढे ठेवायला कचरत नाही.

डावखुरा समोर आला की

होमचा डावा हात आणि डावी लाथ हे उगाच सांगितलं नाही. ती डावखुरी होती. बहुतेक लढवय्ये डावा पाय पुढे ठेवून उभे राहतात आणि ताकदीचा उजवा हात मागे ठेवतात. डावखुऱ्याचं उलटं. दोघं समोरासमोर आले की पुढचे पाय एकमेकांच्या नाकासमोर येतात, जणू आरशात उभे. मग अंगाची एक बाजू दोघांनाही उघडी पडते. उजव्या हाताच्या माणसाची उघडी बाजू उजवी, आणि यकृत असतं उजवीकडेच. डावखुऱ्याची मागच्या पायाची डावी लाथ थेट तिथे येते. यकृतावर बसलेली लाथ डोक्यावरच्या फटक्यासारखी शुद्ध घालवत नाही, पण क्षणभराने माणूस घडी घातल्यासारखा दुमडतो आणि उठू शकत नाही. अशा जोडीत पुढचा पाय समोरच्याच्या पायाच्या बाहेर कोण ठेवतो यावर बारीक झटापट चालते. पायांकडे बघत राहिलात तर हाताची दिशा आधी कळते.

पायांवरून आठवलं. पोटरीवरची लाथ हे गेल्या काही वर्षांतलं फार मोठं हत्यार झालंय. गुडघ्याखाली, बाहेरच्या बाजूला मज्जातंतू हाडाला अगदी लागून जातो. तिथे चार-पाच लाथा बसल्या की पाऊल उचलेनासं होतं. जो माणूस बॉक्सरसारखा पुढच्या पायावर भार देऊन उभा राहतो त्याला पाय पटकन उचलून घेता येत नाही, म्हणून त्याचं नुकसान जास्त. जानेवारी २०२१ मध्ये अबू धाबीला डस्टिन पोरिएने मॅकग्रेगरच्या पुढच्या पायाची अशीच वाट लावली. दुसऱ्या फेरीत मॅकग्रेगरला धड सरकता येईना, आणि न सरकणारं डोकं ठोशाने गाठणं सोपं असतं. तेव्हा कार्डवर जोरकस ठोसे मारणारा कोणी दिसला तर त्याच्या हातांआधी त्याचा पुढचा पाय बघा.

तीन फेऱ्या की पाच

फेरी पाच मिनिटांची. साध्या लढतीला तीन फेऱ्या, विजेतेपदाच्या लढतीला पाच. यूएफसीत कार्डवरची मुख्य लढत विजेतेपदाची नसली तरी पाचच. दहा मिनिटांचा हा फरक अंदाज उलटा करू शकतो. पहिल्या सात-आठ मिनिटांत सगळं उधळून टाकणारा माणूस तीन फेऱ्यांत धोकादायक असतो. त्याची पहिल्यांदाच पाच फेऱ्यांची लढत असेल, तर चौथ्या फेरीत त्याचं काय होतं ते कोणीच पाहिलेलं नसतं. त्यानेसुद्धा.

गुण देणारे तीन पंच असतात आणि प्रत्येक फेरी स्वतंत्र मोजली जाते: जिंकणाऱ्याला दहा, हरणाऱ्याला बहुतेक वेळा नऊ, फारच एकतर्फी झाली तर आठ. म्हणजे दोन फेऱ्या निसटत्या जिंकलेला आणि एका फेरीत मार खाल्लेला माणूस २९-२८ ने जिंकू शकतो. लोक मग अन्याय झाला म्हणून ओरडतात. बेरीज फेऱ्यांची असते, मारांची नव्हे, हे विसरतात. निकषांचा क्रमही ठरलेला आहे. आधी परिणामकारक मार आणि परिणामकारक कुस्ती. त्यात खरंच बरोबरी वाटली तरच आक्रमकता, आणि त्यातही बरोबरी तर पिंजऱ्यावरचा ताबा. नुसतं वर बसून राहणाऱ्याला, काही इजा न करता, पूर्वीसारखे गुण मिळत नाहीत. ‘पाडेल आणि दाबून ठेवेल’ एवढ्यावर ज्याचा जिंकायचा बेत आहे, त्याच्याबद्दल मी हल्ली जरा सावध असतो.

शुक्रवारचा वजनकाटा

लढतीच्या आदल्या दिवशी वजन होतं. लाइटवेटची मर्यादा १५५ पौंड, म्हणजे साधारण ७०.३ किलो. पण पिंजऱ्यात उतरणारा माणूस ७० किलोचा नसतो. आधीचे काही दिवस अंगातलं पाणी काढून तो काट्यावर तेवढा भरतो आणि पुढच्या चोवीस-तीस तासांत पाणी पिऊन परत फुगतो. हा जुगार कधी अंगावर येतो. ऑगस्ट २०१४ मध्ये रेनान बराओ वजन उतरवताना कोसळून रुग्णालयात गेला आणि जो सोटोला एका दिवसाच्या सूचनेवर विजेतेपदासाठी लढावं लागलं. मे २०२२ मध्ये चार्ल्स ऑलिव्हेरा अर्धा पौंड जास्त भरला. अर्धा पौंड म्हणजे सव्वादोनशे ग्रॅम. तेवढ्यावर त्याचा विजेतेपदाचा पट्टा गेला. दुसऱ्या दिवशी त्याने जस्टिन गेगीला पहिल्याच फेरीत हरवलं, तरी पट्टा रिकामाच राहिला.

म्हणून शुक्रवारी वजनाचं चित्रण बघावं. आकडा नव्हे, माणूस. गाल आत गेलेले, ओठ फाटलेले, काट्यावर चढताना कोणाचा तरी हात धरलेला, असा माणूस दिसला तर वहीतलं उत्तर पुन्हा तपासायचं. निर्जळी झालेलं शरीर फटका कमी सोसतं आणि दम लवकर सोडतं.

तयारीला मिळालेला वेळ ही याचीच दुसरी बाजू. याचं उदाहरण इतकं नेमकं आहे की ते मुद्दाम रचल्यासारखं वाटतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियात इस्लाम माखाचेव्ह आणि अलेक्झांडर वोल्कानोव्स्की पाच फेऱ्या लढले. पूर्ण तयारी, अटीतटीची लढत, निर्णय माखाचेव्हच्या बाजूने, पण दुसऱ्या बाजूनेही देता आला असता असं मानणारे कमी नव्हते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये माखाचेव्हसमोर ऑलिव्हेरा उतरणार होता. सरावात ऑलिव्हेराची भुवई फाटली, आणि दोन आठवड्यांहून कमी वेळ हातात असताना वोल्कानोव्स्की तयार झाला. माणसं तीच, वजनगट तोच. या वेळी पहिल्याच फेरीत डोक्यावर लाथ, लढत खलास. कौशल्य आठ महिन्यांत उडून जात नाही. गेली होती ती तयारी.

पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये, जेमतेम चार महिन्यांनी, वोल्कानोव्स्कीला इलिया तोपुरियाने दुसऱ्या फेरीत पाडलं. तो पस्तिशीचा होता. हलक्या वजनगटांत पस्तिशीनंतर विजेतेपद हातात राहत नाही असं जाणकार म्हणायचेच. वेग आधी जातो, ताकद नंतर. तर मग यापुढे त्याच्यावर काट? एप्रिल २०२५ मध्ये, छत्तिसाव्या वर्षी, चांगली विश्रांती घेऊन तो परतला आणि दिएगो लोपेसला हरवून रिकामा झालेला पट्टा पुन्हा मिळवला. वय बघावंच, पण शेवटच्या मोठ्या माराला किती महिने झाले तेही शेजारी लिहावं. दोन्ही मिळून अर्थ लागतो.

जागेचाही हिशेब असतो. जून २०१५ मध्ये मेक्सिको सिटीत केन व्हेलास्केझ उतरला. हेवीवेट असून त्याचा दम कधी न संपणारा म्हणून ख्याती. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचावर. समोरचा फाब्रिसियो वेर्दुम कित्येक आठवडे आधीपासून उंचावर राहून सराव करत होता. दुसऱ्या फेरीत व्हेलास्केझ तोंड उघडं टाकून श्वास घेत होता; तिसरीत थकून पाय धरायला वाकला आणि मान वेर्दुमच्या काखेत गेली. पिंजऱ्याचा आकारही बघावा. यूएफसीचा मोठा पिंजरा ३० फुटांचा, छोटा २५ फुटांचा. पाच फूट कमी म्हणजे पळायला जागा कमी, जाळी लवकर पाठीला लागते, आणि जाळी कोणाच्या कामाची ते वर आलंच आहे.

भावाकडे किती बघावं

सट्ट्याचा भाव हा पैसे लावायला नव्हे, तर इतरांचं मत काय हे कळायला बघावा. एखाद्याचा भाव १.२५ असेल, तर एकाला १.२५ ने भागा: ०.८०. म्हणजे बाजाराच्या मते तो ऐंशी टक्के जिंकणार, आणि त्यात भाव लावणाऱ्याचा नफा धरलेला असल्याने खरा आकडा थोडा कमीच. ऐंशी टक्के ऐकायला ‘पक्का’ वाटतं. पण कार्डवर असे पाच ‘पक्के’ असतील, तर पाचही जिंकायची शक्यता काढून बघा: ०.८ चा पाच वेळा गुणाकार, साधारण ३३ टक्के. म्हणजे तीनपैकी दोन वेळा पाचांतला निदान एक पडणारच. लोक त्याला ‘धक्कादायक निकाल’ म्हणतात. गणित त्याला नेहमीचा शनिवार म्हणतं. भाव बघून मी उत्तर बदलत नाही. माझं उत्तर आणि भाव यांत फार अंतर असेल तर माझ्या नजरेतून काय सुटलं ते शोधतो, आणि बहुतेक वेळा काहीतरी सुटलेलंच असतं.

ऑगस्ट २०२२ ची गोष्ट. विजेता कमारू उस्मान विरुद्ध लिऑन एडवर्ड्स, पट्ट्यासाठीची लढत, सॉल्ट लेक सिटी. २०१५ मध्ये उस्मानने त्याला हरवलेलं होतं. माझ्या वहीत प्रश्नाखाली लिहिलं होतं: ‘जाळीपाशी. उस्मान ठरवणार.’ पहिल्या फेरीत एडवर्ड्सने उस्मानलाच खाली पाडलं, जे तोवर यूएफसीत कोणाला जमलं नव्हतं, तेव्हा मी वही बंद केली. मग उस्मानने सूत्रं हातात घेतली आणि मी वही परत उघडली. दुसरी, तिसरी, चौथी फेरी त्याची. तिन्ही पंचांकडे ३९-३७. पाचव्या फेरीआधी एडवर्ड्सच्या प्रशिक्षकाने त्याला अक्षरशः झापलं. चोविसावं मिनिट संपून चार सेकंद झाले असताना एडवर्ड्सने डाव्या हाताची हूल दिली, उस्मान ती चुकवायला डोकं बाजूला नेत होता आणि डावी लाथ त्याच वाटेवर आली. छप्पन्न सेकंद उरले होते. उस्मान पाठीवर, डोळे उघडे.

मार्च २०२३ मध्ये लंडनला ते तिसऱ्यांदा भिडले. लाथेची पुनरावृत्ती होणार का, एवढंच सगळे विचारत होते. मी जुना प्रश्नच लिहिला आणि या वेळी उत्तरापुढे प्रश्नचिन्ह ठेवलं. उस्मानने पुन्हा पुन्हा पाय धरले. एडवर्ड्सने त्यातले बरेचसे परतवले, पडला तर उठला, आणि लढत मधल्या मोकळ्या जागेत परत आणत राहिला. एकदा पडू नये म्हणून त्याने जाळीच मुठीत धरली. ते नियमात बसत नाही. रेफरीने एक गुण कापला. तरी दोन पंचांनी ४८-४६ दिलं, तिसऱ्याने बरोबरी, आणि पट्टा एडवर्ड्सकडेच राहिला.